पायाळू

बेतायचं टेबल रिकामं करायला आप्पांना अर्धा तास लागला. अर्धवट शिवलेले तीन कोट खुंटीवर गेले, कात्र्या खणात गेल्या, खडूची भुकटी त्यांनी ओल्या फडक्याने पुसून काढली. घरात सगळ्यांना पुरेल असं टेबल हे एकच, आणि त्याच्याभोवती सगळे बसले की काहीतरी ठरायचं असतं, हे आता कुणाला सांगावं लागत नसे. बायको गेली तेव्हाही असेच बसले होते. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. सोळा वर्षांची लेक टेबलाच्या त्या टोकाला उभी राहून म्हणाली होती, "त्याचं मी बघते." आणि तिने बघितलं. भावाला वाढवता वाढवता नर्सिंग शिकली, आणि गेली बावीस वर्षं नदीपलीकडच्या प्रसूतिगृहात बाळंतपणं करत होती.

आज तिचीच वाट बघायची होती. रविवार असूनही तिची दुपारपर्यंत ड्यूटी होती.

सून आधी आली. खाकी पाकीट छातीशी धरलेलं, चपला नेहमीसारख्या नीट न लावता दारातच सोडलेल्या. मागून मुलगा, आणि त्याच्या मागून दोघी मुली. धाकटी पुढे, थोरली मागे. धाकटी सहाची, थोरली नऊची, पण रस्त्यात भेटणारा प्रत्येक नवा माणूस धाकटीलाच विचारायचा, "मोठी तू ना?" थोरलीला सगळे मिरी म्हणत. एवढीशी आणि तिखट, म्हणून ती दोन वर्षांची असताना आप्पांनीच ते नाव ठेवलं होतं. तेव्हा ती गंमत होती.

"आजोबा, बटणांचा डबा घेऊ?" मिरीने विचारलं.

"घे. आतल्या खोलीत बसा दोघी. रंगांप्रमाणे लावून ठेवा, म्हणजे मलाही उपयोग."

मिरी डबा पोटाशी धरून आत गेली. डब्यामागे ती जवळजवळ दिसेनाशी झाली होती. आप्पांनी नजर दुसरीकडे वळवली.

"ताई येऊ दे, मग बोलू," मुलगा म्हणाला. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून तो परस्पर आला होता, नखांत अजून ग्रीस होतं.

"त्या आल्यावर बोलायचंच आहे. पण आधी तुम्ही दोघं ऐका," सून म्हणाली आणि तिने पाकीट उघडलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावणारी बाई ती. कागद समोर धरला की तिचा आवाज आपोआप सपाट व्हायचा. "मिरीच्या अंगात वाढीचं संप्रेरक जवळजवळ तयारच होत नाही. त्या दिवशी उपाशीपोटी दर अर्ध्या तासाने रक्त घेत होते, त्याचा हा निकाल. आणि हा डोक्याचा फोटो. मेंदूखाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, तिची फारच लहान आहे. ती ज्या देठाला लटकते, तो देठ दोऱ्यासारखा बारीक आहे. तुटलाच आहे म्हटलं तरी चालेल, असं डॉक्टर म्हणाल्या."

"अगं, पण आपल्याकडे सगळे बुटकेच," आप्पा म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की ते न ठरवताच तोंडातून गेलं. "मी बघ. हा बघ. लिफ्टच्या वरच्या पट्ट्याला हात पोचावा म्हणून हा खोकं घेऊन फिरतो."

"तुम्ही बुटके आहात, आप्पा. ती थांबली आहे. बुटकं असणं वेगळं आणि थांबणं वेगळं."

आप्पांइतकं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मापांची वही त्यांच्या हातापाशीच होती. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, दोन वर्षांत अर्धा इंच.

*

सुनेला सगळ्यात जास्त राग आला होता तो डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नाचा.

"जन्म कसा झाला होता?" असं त्यांनी विचारलं, आणि तिने तोंड उघडण्याआधीच नवरा कौतुकाने म्हणाला होता, "एकदम सोपा. माझ्या बहिणीनेच केलं बाळंतपण." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला काय आठवतं?"

तिला आठवत होती ती एक आपटणारी खिडकी. वादळ सुटलं होतं आणि खोलीतली एक खिडकी नीट लागत नव्हती. त्यापुढचं सगळं कापसात गुंडाळल्यासारखं. तिचं रक्त फार गेलं होतं, म्हणे. शुद्धीवर आली तेव्हा बाळ दुपट्यात होतं आणि नणंद हसून म्हणत होती, "मुलगी आहे. आल्या आल्या घर डोक्यावर घेतलं हिने."

"तुमच्या नणंदेला मंगळवारी घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "जन्माच्या वेळी बाळ अडकलं, श्वास कोंडला, तर कधी कधी या ग्रंथीला इजा होते. मला खरं काय झालं ते हवंय. कागदावरचं नको."

कागदावरचं नको. हे शब्द पाच दिवस तिच्या डोक्यात फिरत होते.

चारच्या सुमाराला नणंद आली. नेहमीप्रमाणे आधी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नेहमीप्रमाणे बसायला दिलेली खुर्ची नाकारून भिंतीला टेकून उभी राहिली. टेबलावरचा फोटो तिने उचलला, खिडकीकडे धरला. बघता बघता तिचा चेहरा उतरला. कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"वन्सं," सून म्हणाली. लग्नानंतर पहिला महिनाभर ती असं म्हणायची, मग नणंदेनेच सांगितलं होतं, ताई म्हण, मला म्हातारी करू नकोस. ते ऐकून भिंतीजवळची बाई दचकली. "मिरी जन्मली तेव्हा काय झालं होतं?"

"अगं, काय विचारतेस तिला," नवरा मध्येच म्हणाला. "तिने तुला वाचवलंय त्या दिवशी. रस्ते बंद, डॉक्टरचा पत्ता नाही…"

"तू थांब," बहीण म्हणाली. फोटो तिने टेबलावर उलटा ठेवला. "डोकं आधी आलं नव्हतं. पाय आले आधी."

शिवणयंत्रावरचा दिवा उगाचच चालू होता. आप्पांनी हात लांबवून तो बंद केला. "म्हणजे आपली मिरी पायाळू?"

"हो."

"आणि नऊ वर्षं कुणाला माहीत नाही?"

"मला माहीत होतं." तिचा आवाज ड्यूटीवरच्यासारखा कोरडा होता. "सकाळी दहाला हिच्या पोटावर हात ठेवला तेव्हाच कळलं होतं. डोकं वर लागत होतं. रस्ता तेव्हा चालू होता. असं असेल तर मोठ्या इस्पितळात पाठवायचं, असा आमच्याकडे नियम होता. पण त्याआधी मी अकरा पायाळू बाळं सोडवली होती. एकालाही खरचटलं नव्हतं. हिला गाडीत घालून कशाला हलवायची, आपल्या हाताखाली आहे, आपण करू, असं वाटलं. दुपारी वादळ आलं. झाडं पडली, पूल बंद झाला, डॉक्टर पलीकडे राहिले. मग पाठवायचं म्हटलं तरी पाठवता येईना."

"पुढे?" सुनेने विचारलं.

"खांद्यापर्यंत आली आणि डोकं अडकलं. बाहेर काढली तेव्हा निळी होती. रडली नाही."

"किती वेळ?"

"सहा मिनिटं. समोर घड्याळ होतं."

आतल्या खोलीतून बटणं मोजण्याचा आवाज येत होता. धाकटीचं तेहेतीस, चौतीस चाललं होतं. मिरीचा आवाज नव्हता.

"दुसऱ्या दिवशी तिला थरथर सुटली," नणंद बोलतच राहिली, आता थांबलो तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशासारखी. "साखर उतरली होती. मी ग्लुकोज दिलं, सावरली. कावीळ तीन आठवडे हटली नाही. यातलं काहीही मी लिहिलं नाही. नोंदवहीत लिहिलं, प्रसूती सुलभ, बाळ लगेच रडलं."

सुनेने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. लाकूड गार होतं. आपल्याला ओरडायचं आहे असं तिला पाच दिवस वाटत होतं, आणि आता ओरडणं कुठे सापडत नव्हतं.

"त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला काही म्हणणार नाही," ती म्हणाली. "कदाचित पुढे म्हणेन. आज नाही. तुम्ही नसता तर मी नसते, तीही नसती, हे मला कळतं. पण मिरी सहा वर्षांची होती तेव्हा मी तुमच्याकडे आले होते. आठवतं? शाळेतल्या रांगेत ती सगळ्यात पुढे आणि तिच्यामागचं मूल वीतभर उंच. मी विचारलं, कुठे दाखवू का? तुम्ही म्हणालात, काही मुलं उशिरा वाढतात, उगाच दवाखान्याची सवय लावू नकोस. सातव्या वर्षी विचारलं. आठव्या वर्षी विचारलं. प्रत्येक वेळी तेच. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं. शपथेवर सांगते. भीती होती."

"कशाची?"

नणंदेने पहिल्यांदा खुर्ची ओढली आणि बसली. "की कुणीतरी विचारेल, जन्म कसा झाला."

"तीन वर्षं," सून म्हणाली. "माझ्या लेकीची तीन वर्षं तुम्ही तुमच्या भीतीला दिलीत."

नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती त्याच्याकडे वळली. "आणि तू. तू काय म्हणायचास? 'चष्म्याच्या दुकानात राहून तुला सगळ्याला नंबर लावायची सवय झालीय,' असं. मी रडले की तू ताईला फोन करायचास आणि ताई सांगायची, तिला म्हणावं शांत राहा."

"मला काय माहीत…"

"माझ्यावर विश्वास ठेवायला माहीत कशाला लागतं?"

तेव्हा आप्पा उठले. त्यांनी मापांची वही उचलली, उघडली आणि सुनेसमोर सरकवली. आपल्याच घरात त्यांना गिऱ्हाइकासारखं अवघडून उभं राहावं लागलं.

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "माझ्या टेपला कळत होतं. दर वाढदिवसाला ती विचारायची, आजोबा, जुना फ्रॉक आखूड झाला का? होत नव्हता, गं. मग मी आदल्या दिवशी जुन्या फ्रॉकची दुमड उसवून बोटभर आत घ्यायचो. नवा शिवायचो तो आधीच्याच मापाचा. दोन्ही शेजारी धरून दाखवायचो, बघ, केवढी वाढलीस."

सून वहीकडे बघत राहिली. ते फ्रॉक तिनेही शेजारी धरून पाहिले होते. रात्री कपाटासमोर उभी राहून तिने स्वतःला बजावलं होतं, वाढतेय ती, डोळ्यांना दिसतंय, तुझंच डोकं फिरलंय.

तिला हसू आलं. ते हसणं ऐकून नवरा घाबरला.

"म्हणजे मी वेडी नव्हते," ती म्हणाली. "घरात सगळ्यांना दिसत होतं. मी एकटीच ते बोलत होते, म्हणून वेडी."

तिने कागद पाकिटात घातले. "मंगळवारी अकरा वाजता इस्पितळात या, वन्सं. हे सगळं डॉक्टरांना सांगा, जसं आत्ता सांगितलंत तसं. त्यानंतर मी बोलावल्याशिवाय घरी येऊ नका."

आप्पांनी लेकीकडे बघितलं. एरवी तिच्या बाजूने ते लगेच उभे राहिले असते. आज त्यांनी वही मिटली आणि सुनेला विचारलं, "मी येऊ का मंगळवारी? मापं दाखवायला? खरी मापं."

"या," ती म्हणाली.

*

बहिणीला बसथांब्यापर्यंत सोडायला तो गेला. न जाणं त्याला जमलं नसतं आणि जाणंही जमत नव्हतं. दोघं पदपथावरून चालत होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

लहानपणी ती त्याला याच रस्त्याने शाळेत न्यायची. दप्तर तिच्या खांद्यावर, त्याचं बोट तिच्या मुठीत. तिचं चुकू शकतं असा विचारच त्याने कधी केला नव्हता. म्हणूनच बायको काही म्हणायला लागली की तो बहिणीचा शब्द मध्ये ठेवायचा आणि सुटायचा.

"मला तरी सांगायचंस, ताई."

"तुला सांगितलं असतं तर तू मला माफ केलं असतंस."

"मग?"

"मग काय. तिथेच संपलं असतं. तू म्हणाला असतास, जाऊ दे ताई, आणि मीही जाऊ दिलं असतं." तिने पर्स या हातातून त्या हातात घेतली. "तुझ्या बायकोने जाऊ दिलं नाही म्हणून पोरगी आज डॉक्टरांपर्यंत पोचली. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे तर नाहीच."

बस आली. ती चढताना त्याने सवयीने तिच्या कोपराला हात लावला. तिने तो हलकेच बाजूला केला.

"घरी जा," ती म्हणाली. "आणि माझी बाजू घेऊ नकोस. निदान काही दिवस."

तो घरी आला तेव्हा बायको मुलींचे केस विंचरत होती. त्याला माफी मागायची होती. दारात उभा राहून तो कितीतरी वेळ फक्त नखांतलं ग्रीस काढत राहिला. शेवटी म्हणाला, "मी ऐकायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली, आणि मिरीच्या केसांत भांग पाडत राहिली.

*

डॉक्टर वयाने मिरीच्या आत्याहून लहान होत्या. एवढीशी खोली, एक वजनकाटा, भिंतीला उंची मोजायची सरकती पट्टी. आत्याने सगळं सांगितलं. दहा वाजता पोटावर ठेवलेला हात, बंद झालेला पूल, सहा मिनिटं, थरथर, कावीळ. भाऊ, वहिनी आणि आप्पा बाकावर रांगेने बसले होते. मिरीला बाहेर एका नर्सने चित्रं काढायला बसवलं होतं.

डॉक्टरांनी सगळं लिहून घेतलं. मध्ये एकदाही मान हलवली नाही, हे तिला बरं वाटलं. बाळंतपणात ती स्वतःही तशीच असायची.

"एक सांगा," लिहून झाल्यावर आत्याने विचारलं. "त्या सहा मिनिटांनीच हे झालं का?"

"सांगता येत नाही."

"असं कसं? पाय आधी आले, श्वास कोंडला. तुम्हीच म्हणालात, त्याने इजा होते."

"होऊ शकते. अशा मुलांमध्ये पायाळू जन्मलेली पुष्कळ असतात, हे खरं आहे. पण उलटंही असतं. कधी कधी ही ग्रंथी पोटातच, अगदी सुरुवातीला, नीट घडलेली नसते. आणि काहींचं म्हणणं असं की तशी बाळं पोटात नीट फिरत नाहीत, म्हणून पायाकडून येतात. म्हणजे आजार आधी आणि अवघड जन्म नंतर." डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. "या देठाकडे बघून मला वाटतं, पोटातच काहीतरी राहून गेलं असावं. पण तुम्ही वेळेवर पाठवलं असतं तर हे टळलं असतं का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही."

भावाने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावरची सुटका तिला दिसली आणि तिला त्याची कीव आली. तिची स्वतःची सुटका झाली नव्हती. दोष आहे असं कुणी म्हटलं असतं तर तो उचलून चालता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर खाली ठेवता आला असता. आता तो असाच राहणार होता, कधी जड, कधी हलका, आणि हात कधीच मोकळे नाहीत.

"उशीर किती झाला?" वहिनीने विचारलं. तिला फक्त तेच विचारायचं होतं.

"सहाव्या वर्षी आला असता तर जास्त बरं झालं असतं. ते मी लपवणार नाही. पण तिच्या हाडांचं वय अजून सहाच्या आसपास आहे. म्हणजे वाढायला जागा शिल्लक आहे. रोज संध्याकाळी एक इंजेक्शन, वाढ पूर्ण होईपर्यंत. बाकीची संप्रेरकंही तपासत राहू. थायरॉइड आता ठीक आहे, पुढे बिघडू शकतं. खूप ताप आला, उलट्या झाल्या तर वाट बघत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं."

आप्पांनी खिशातून वही काढली होती. डॉक्टरांनी ती घेतली, आणि पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "सात वर्षांची मापं? तारखांसकट? हे तर आमच्याकडेही नसतं."

"शिंपी आहे मी," आप्पा म्हणाले. एवढं एक वाक्य त्यांनी ताठ मानेने म्हटलं, आणि मग लगेच खाली बघितलं.

त्याच दुपारी आत्या प्रसूतिगृहात गेली. माळ्यावरून नऊ वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. जुन्या ओळीला हात न लावता तिने खाली, आजची तारीख घालून, जे घडलं ते लिहिलं आणि सही केली. मग वही घेऊन मुख्य बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली. चौकशी होईपर्यंत तिला बाळंतपणांच्या खोलीत जायला मनाई झाली. समोरच्या इमारतीत बाळांना लस टोचायच्या कामावर ती दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाली. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी जिन्यात तिला टाळून गेल्या. तिसरीने थांबून विचारलं, "बाई, चहा घेणार?" तेवढ्याने तिला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून ती नको म्हणाली.

*

औषध यायला पाच आठवडे लागले. इस्पितळातल्या नर्सने आईला स्पंजच्या तुकड्यावर शिकवलं. जाड पेनसारखं एक यंत्र, पुढे केसाएवढी सुई. मांडीची कातडी चिमटीत धरायची, टोचायची, दाबायचं, दहा मोजायचे. स्पंजवर तिचा हात एकदाही थरथरला नाही.

पण पहिल्या संध्याकाळी मिरी पलंगावर भिंतीला चिकटून बसली आणि मांडीवर उशी धरून म्हणाली, "आत्याला बोलव."

"मी देते ना. मी शिकलेय."

"तूच दे. पण आत्याला बोलव."

"का?"

"मला तिला काहीतरी विचारायचंय."

पाच आठवड्यांत आईने ते नाव घेतलं नव्हतं. नवऱ्यानेही नाही. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, काही सुचवण्याचं धाडस न करता. तिने घड्याळाकडे बघितलं, मग फोन उचलला. "याल का? मिरी बोलावतेय," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

आत्या आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. हात धुऊन ती झोपायच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी थांबली. आत आली नाही. पेन वहिनीच्या हातात होतं, त्याकडे तिने मुद्दाम बघितलं नाही.

"आत्या," मिरी म्हणाली, "मी अडकले होते?"

वहिनीने कापूस ओला केला.

"मला ऐकू आलं होतं त्या दिवशी. धाकटी बटणं मोजत होती, मी ऐकत होते. पण आजोबांच्या यंत्राचा दिवा बंद झाला त्याच्यानंतरचं सगळं नीट कळलं नाही. मी कुठे अडकले?"

आत्याने वहिनीकडे बघितलं. वहिनीने मिरीच्या मांडीवरची उशी बाजूला केली, कापसाने जागा पुसली आणि वर न बघता म्हणाली, "सांगा तिला. खरं सांगा."

"तू उलटी आलीस," आत्या म्हणाली. "सगळी मुलं डोकं खाली घालून येतात. तू आधी पाय बाहेर काढलेस. एक पाय, मग दुसरा."

"चालत?"

"चालतच म्हण. मग पोट आलं, मग हात. आणि डोकं राहिलं आत."

धाकटी पलंगाच्या पायथ्याशी तोंड उघडं टाकून ऐकत होती. मिरीला हसू येत होतं. "मग तू काय केलंस?"

"मी घाबरले."

"तू?"

"हो, मी. माझे हात घाबरले. तोपर्यंत ते कधी घाबरले नव्हते. मग तुला अशी हातावर घेतली, तुझ्या तोंडात एक बोट घातलं आणि हळू वर उचलली. तेव्हा डोकं आलं. पण तू रडली नाहीस."

"किती वेळ?"

"सहा मिनिटं."

मिरीने मनातल्या मनात सहा मिनिटं मोजून बघितल्यासारखं केलं. "खूप झाली."

"खूप. मी तुझं नाक-तोंड पुसलं, तुझ्या तोंडात फुंकर घातली, छातीवर दोन बोटांनी दाबत राहिले. आणि तुला शिव्या दिल्या."

"शिव्या?" मिरी एवढ्या जोरात उडाली की आईला तिची मांडी घट्ट धरावी लागली. "एवढ्याशा बाळाला?"

"दिल्या. मोठ्याने. वादळ होतं म्हणून बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही."

आईने सुई टेकवली, आत सारली आणि दाबलं. ओठांतल्या ओठांत तिने दहा मोजले. सुई हलली नाही. मग तिने ती काढून घेतली आणि त्या जागी कापूस धरला.

"झालं?" मिरीने खाली बघितलं. "एवढंच? आत्या, शिव्या कुठल्या ते सांग ना."

आत्या उंबऱ्यापाशीच उभी होती. जायचं की थांबायचं, ते तिला कळत नव्हतं. आईने सुई डब्यात टाकली, झाकण लावलं, ओले हात, पदर नसल्याने, स्वतःच्याच बाहीला पुसले. मग मिरीशेजारी पलंगावर बसली आणि पाय वर घेतले.

"सांगा," ती म्हणाली. "मीही तिथेच होते. पण मला काहीच आठवत नाही."